शनिवारचं नाक

माझं पोट नाकावर चालतं. गेली वीसेक वर्षं, आधी मुंबईच्या हॉटेलांत आणि मग नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये, मी लोकांना वाइन ओतून देते, तिचा वास कसा घ्यायचा ते सांगते आणि कशाबरोबर काय प्यावं यावर माझं मत देते. लोक विचारतात, हे कुठे शिकलात? भिंतीवर एक सर्टिफिकेट आहे, त्याकडे मी बोट दाखवते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला वास घ्यायला शिकवलं ते पनवेलच्या आमच्या शेजारणीने. आमच्या भिंतीला तिची भिंत लागून होती. ती बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आम्ही तिला मावशी म्हणायचो. माझ्या माहितीत तिने तोवर वाइनचा थेंबही तोंडात घेतला नव्हता.

पनवेलबाहेरच्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्या गावात १८४९ सालचं सिनेगॉग आहे, बेथ एल. जुनी माणसं त्याला सरळ मशीद म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कोकणात या लोकांचं जुनं नाव शनिवार तेली. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून. मावशीच्या घरी घाणा कधीचाच गेला होता. तिचा नवरा रेल्वेत होता. शनिवार मात्र जसाच्या तसा होता.

शुक्रवारी सकाळी ती काळ्या मनुका निवडून, धुऊन, कोमट पाण्यात भिजत घालायची. दुपारी टम्म फुगल्या की हाताने कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायची. ते तपकिरी-जांभळं सरबत संध्याकाळी चांदीच्या पेल्यात. त्यावर तिचा नवरा हिब्रूत किद्दुश, म्हणजे वाइनवरचा आशीर्वाद, म्हणायचा. खरं तर तिथे द्राक्षाची वाइन हवी. पण कोकणात वाइन आणायची कुठून, आणि ती ज्यू हातचीच असायला हवी हा आणखी एक नियम. मग यांच्या पूर्वजांनी मनुकांवर वेळ भागवली. मनुका म्हणजे सुकलेलं द्राक्षच, त्यामुळे देवाला अडचण नाही. उरलेला चोथा मावशी माझ्या तळहातावर ठेवायची.

शनिवारी विस्तव नाही. शनिवारच्या संध्याकाळी आमच्या घरातून मला तिकडे पाठवलं जायचं, कारण त्यांच्याकडे कुणी विजेच्या बटणाला हात लावत नसे. मी असेन सात-आठ वर्षांची. मावशी कधी ‘दिवा लाव’ असं म्हणायची नाही. तसं सांगणंही नियमात बसत नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणायची, “किती काळोख झालाय गो.” मी बटण दाबायचे. आणि आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा शनिवार, सुटायचा. पावसाळ्यात पनवेलला चांदण्या कुठल्या दिसायला! मग भिंतीवरचं घड्याळ.

शब्बाथ सुटताना हवदाला करतात. पेला काठोकाठ भरायचा, दिवा धरायचा, आणि मध्ये एक गोष्ट अशी की जी मी इतर कुठल्याही धर्माच्या रोजच्या रीतीत पाहिली नाही: सुगंधी वस्तूंवर मंत्र म्हणून त्यांचा नुसता वास घ्यायचा. खायचं नाही, अर्पण करायचं नाही, फक्त हुंगायचं. मावशीकडे पितळेची एक डबी होती. तिच्यात लवंग, दालचिनी, जायपत्री. कधी अंगणातल्या सब्जाची फांदी. झाडापासून आलेल्या सुगंधाचा मंत्र वेगळा, रोपट्याचा वेगळा, आणि आणखी एक सगळ्या प्रकारांसाठी. म्हणजे हुंगण्याआधी हे कशापासून आलंय हे ठरवायलाच हवं! पुढे वाइनच्या पुस्तकांत वासांची वर्गवारी वाचली, गोल चक्रांत आखलेली, तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

डबी सगळ्या घरभर फिरायची आणि शेवटी माझ्याकडे यायची. बटणाची मजुरी म्हणा. मावशी म्हणायची, “डोळे मीट. काय हाय सांग.” मी म्हणायचे, “छान वास आहे.” त्यावर हमखास टपली.

“छान हा वास नव्हे. नाव सांग.”

टेस्टिंग रूममध्ये समोरचा पाहुणा ग्लास हुंगून ‘व्वा’ म्हणतो, तेव्हा अजूनही माझा हात उठायला बघतो.

तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे दुसरी शाळा. पनवेलच्या मासळी बाजारात ती कोळणीशी गोड बोलत बोलत माशाचा कल्ला उचलायची आणि लाल रंग बघण्याआधी नाक न्यायची. कोळंबी, चिंबोरी तिला वर्ज्य. ज्याला खवले आणि पर दोन्ही आहेत तोच मासा. त्यामुळे रावस, पापलेट, सुरमई यांच्यावर तिची सगळी बुद्धी एकवटलेली. आणि भाजी कुठली, धणे कुठले, हिंग खरा की भेसळीचा, सगळं नाकाने. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या दोन्ही घरांत पाणी आलं. सिनेगॉगमध्येही शिरलं. पाणी ओसरल्यावर बाकीचे फर्निचरकडे धावले. मावशी धान्याच्या पोत्यांशी जाऊन बसली. पोत्यात खोलवर मूठ घालायची, हुंगायची: हे टाका, हे वाळवा. वाळवलेलं एकही पोतं पुढे बुरसलं नाही.

इथे आमच्या घरचीही एक गंमत सांगायला हवी. माझी आजी कडक सोवळ्याची. दारू हा शब्द तिच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. ती रोज जेवल्यावर द्राक्षासवाचे दोन चमचे मात्र नेमाने घ्यायची. पनवेल हे आयुर्वेदाच्या औषधांचं जुनं गाव. कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर इथेच १८७२ साली सुरू केलं. आसवं-अरिष्टं म्हणजे काय? द्राक्षं किंवा मनुका, गूळ, धायटीची फुलं, आणि मग भांडं बंद करून ते आपोआप आंबू देणं. त्या आंबण्यातून जो मद्यार्क तयार होतो त्यातच औषध उतरतं आणि टिकतं. मी वाइनच्या धंद्यात गेले असं कळल्यावर आजी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. द्राक्षासव चालूच होतं. भिंतीच्या एका बाजूला न आंबलेल्या मनुकांचं सरबत वाइनच्या जागी, दुसऱ्या बाजूला आंबलेल्या द्राक्षांचं औषध वाइन नसल्यासारखं. मी या दोन्हींच्या मध्ये वाढले.

हॉटेल मॅनेजमेंट केलं, मुंबईत एका मोठ्या हॉटेलात लागले. तिथे वाइनच्या यादीत एक नाव होतं ज्यावर माझी जीभ अडखळायची. फ्रेंच स्पेलिंगमध्ये मध्येच ‘ग’ येतो आणि शेवटी ‘र’, आणि म्हणताना दोघेही गायब. मी एका पाहुण्यापुढे ते अक्षरन् अक्षर वाचलं. माझे वरिष्ठ सगळ्या टेबलासमोर हसले आणि नंतर चार दिवस किचनमध्ये माझी नक्कल करत राहिले. हॉटेलचं नाव कशाला सांगू! वाइनचं ते नाव व्हिओनिए होतं, हे मी तेव्हा शिकले आणि पुन्हा कधी विसरले नाही.

मग प्रशिक्षण आलं. २००३ साल. एका दुपारी समोर सहा ग्लास, बाटल्या कागदात गुंडाळलेल्या. चौथ्या ग्लासात नाक घातलं आणि मी एकदम गप्प झाले. बाकीचे ‘फुलांचा वास’, ‘फळांचा वास’ असं म्हणत होते. माझ्या कानात मावशीची टपली. मी म्हटलं, “भिजवलेले जर्दाळू. मोगरा, पण सकाळचा नव्हे, संध्याकाळी ओंजळीत राहिलेला. आणि धणे. भाजलेले नव्हेत, कच्चे, नुकतेच भरडलेले.” शिकवणारे थांबले. म्हणाले, धणे हे उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही, पण ते बरोबर आहे.

ग्लासात व्हिओनिए होती. का बरोबर ते नंतर वाचून कळलं. व्हिओनिएच्या सालीत आणि रसात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. धण्याच्या तेलात निम्म्याहून अधिक तेच असतं. मोगऱ्या-जाईच्या फुलांतही ते आहे. मावशीच्या मसाल्याच्या डब्यात जे होतं तेच फ्रान्सच्या एका द्राक्षात होतं, एवढाच तो योगायोग. माझी नोकरी त्याच योगायोगावर पक्की झाली.

आता या द्राक्षाविषयी थोडं, कारण त्याचा स्वभाव समजल्याशिवाय त्याच्याबरोबर काय खावं हे कळत नाही. सुवासिक पांढऱ्या वाइन फ्रान्समध्ये बऱ्याच आहेत. अल्सासची गेवुर्झट्रामिनर त्यांतली सगळ्यांत बोलघेवडी: लिची आणि गुलाब, दारातूनच ओळख देणारी. तिकडे ती मुन्स्टर नावाच्या उग्र वासाच्या चीजबरोबर पितात, आणि त्या चीजवर जिऱ्यासारखं काहीतरी भुरभुरतात. मस्कतला चक्क द्राक्षाचाच वास येतो, आणि असा वास येणारी वाइन तशी विरळाच. व्हिओनिए या दोघींपेक्षा खोल. वासावरून वाटतं ही गोड असणार. तोंडात घेतली की कोरडी निघते. अंगाने जाड, जवळजवळ तेलकट, आंबटपणा कमी, मद्यार्क चांगलाच, १३.५-१४ टक्क्यांच्या घरात. पहिल्यांदा पिणारे गोंधळतात. माझ्या मते हा गोंधळ हीच तिची खरी मजा आहे, पण ज्यांना लिंबासारखी चटपटीत वाइन हवी त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

शेतकऱ्यासाठी मात्र हे द्राक्ष म्हणजे डोकेदुखी. याचा सुगंध शेवटच्या काही दिवसांत भरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आंबटपणा पडतो आणि साखर चढते. दोन दिवस आधी तोडलं तर वास नाही, दोन दिवस उशीर केला तर वाइन जड, ढब्ब. शिवाय पीक कमी. त्यामुळे ऱ्होन नदीच्या वरच्या टप्प्यातलं तिचं मूळ गाव कोंद्रियू, तिथेच ती जवळजवळ संपली होती. कोंद्रियू या नावाचा अर्थ ओढ्याचा कोपरा असा सांगतात. नदीकाठचं, होडीवाल्यांचं गाव; मागे ग्रॅनाइटचे इतके उभे उतार की यंत्र चढत नाही. १९४० साली सरकारने कोंद्रियूला वाइनचं अधिकृत भौगोलिक नाव म्हणून दर्जा दिला, पण लोक कारखान्यांत नोकऱ्या करायला उतारावरून खाली उतरले. १९६० च्या दशकात अख्ख्या जगात व्हिओनिए उरली ती मोजक्या हेक्टरांवर. जॉर्ज व्हर्ने नावाच्या माणसाने मात्र १९५३ साली वडिलांकडून मळा हाती घेतला आणि सोडला नाही. पडकी पायऱ्यांची शेतं पुन्हा बांधली, इतरांना लावायला लावली. आज कोंद्रियूत सुमारे २०० हेक्टरांवर ती आहे. व्हर्ने २०१७ साली वारले. मळा त्याआधीच मुलीच्या हाती गेला होता.

२००९ साली एका फ्रेंच पाहुण्याने मला कोंद्रियूची एक बाटली भेट दिली. माझ्या पगारात ती घेणं शक्य नव्हतं. मनात एकच आलं: ही मावशीबरोबर उघडायची. पनवेलला आईच्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवून दिली. मग बदली, लग्न, नाशिकची नोकरी. पनवेलला जायचे ती सकाळी येऊन संध्याकाळी परत. दोन मे महिने त्या कपाटावरून गेले. पनवेलचा मे ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको.

२०११ च्या डिसेंबरात बाटली काढली. एका शनिवारी, चांदण्या झाल्यावर, दोन ग्लास घेऊन तिच्या ओट्यावर गेले. तिने हात मागे घेतला.

“मला नाही चालत गो ती.”

“मावशी, दारू नाही ही. द्राक्षाचीच आहे. तुमच्या सरबतासारखीच.”

“द्राक्षाची हाय म्हणून तर! दुसरं काय बी असतं तर घेतलं असतं. द्राक्षाची वाइन आमच्या लोकांच्या हातची पायजे. तू उघडलीस, तू ओतलीस, झालं.”

माझ्या हाताने ओतली म्हणूनच ती तिच्यासाठी बाद झाली होती. जिच्यामुळे मला हा ग्लास धरता आला तिला माझ्या हातचा ग्लास चालत नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तिने ते बघितलं असणार, कारण ती म्हणाली, “वास घ्यायला कोण नाय म्हणतं? आण हिकडं.”

तिने ग्लास घेतला, डोळे मिटले, आणि नाक आत नेलं. मी वाट बघत होते. बराच वेळ.

“जर्दाळू हाय. पण ओला नाय, सुकलेला, डब्यात राहिलेला. धणे हायत. आणि याला ऊन लागलंय गो. कुठे ठेवलं होतंस?”

मी घोट घेतला. तिचं खरं होतं. वाइन शिजली होती. फुलं गेली होती, फळाचा मुरंबा उरला होता. मी तीन वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी द्यायला गेले आणि ते मीच बिघडवून नेलं होतं. कोंद्रियूच्या उतारावर कुणी पाठीवर माती वाहून ती वेल वाचवली, आणि पनवेलमध्ये एका साड्यांच्या कपाटाने तिची वाट लावली.

शरम झाकायला म्हणून मी तिला व्हर्नेची गोष्ट सांगितली. एवढी थोडी झाडं उरली होती आणि एका माणसाने कशी राखली वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. त्या काळात बेथ एलमध्ये सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष शनिवारी जमेनासे झाले होते. ठाण्याहून, मुंबईहून कुणी आले तर. तिच्या बहिणी कधीच्या इस्रायलला गेलेल्या. मी थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, “त्याच्याकडे दहा माणसं तरी होती का?”

मला उत्तर आलं नाही.

पुढच्या जानेवारीपासून मी तिच्यासाठी नाशिकची व्हिओनिए आणू लागले. हुंगायला. नाशिकमध्ये २००० साली सुला कंपनीची पहिली वाइन आली, तेव्हापासून फ्रेंच जाती तिथे एकेक करून रुजल्या. व्हिओनिए त्यांत उशिरा आली आणि थोडीच आहे. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह ही त्यांतली सहज मिळणारी. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही म्हणून तिला दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ येतं जानेवारी ते मार्चमध्ये, थंडीत, आणि तोडणी पहाटेची. फ्रान्समध्ये जे सप्टेंबरात घडतं ते इथे पोपटीच्या दिवसांत घडतं.

पोपटी हा शब्द रायगडाबाहेर समजावून सांगावा लागतो याचं मला नेहमी वाईट वाटतं. वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी, मीठ आणि ओवा, हे सगळं मडक्यात. खाली, मध्ये आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. पाणी नाही, तेल नाही. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पालापाचोळ्याचा जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडकं फोडलं की भांबुर्ड्याचा जो वास सुटतो त्याला मराठीत दुसरा शब्द नाही. आमची पोपटी शनिवारी रात्री व्हायची, मावशीला जाळाजवळ येता यावं म्हणून. तिच्यासाठी कोंबडीशिवाय एक वेगळं मडकं लागायचं, कारण कोंबडी त्यांच्या रीतीने कापलेली नसायची.

व्हिओनिएबरोबर मी जगभरचे पदार्थ जुळवून पाहिले आहेत, आणि माझं ठाम मत आहे की पोपटीइतकं तिला काही शोभत नाही. कारण साधं आहे. पोपटीत तिखट नाही, आंबट नाही. आहे ते सगळं वास आणि पोत: वालाची पिठूळ गोडी, धुराचा हलका स्पर्श, पाल्याचा रानटी सुवास. व्हिओनिएकडेही नेमकं हेच आहे. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला दाबत नाही. ओवा जरा जपून घाला एवढंच.

दुसऱ्या नंबरवर मावशीचा शुक्रवारचा मासा. बेने इस्रायली घरांत मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून त्यांचा सगळा स्वयंपाक नारळाच्या दुधावर तोललेला. सवय इतकी की माशालाही तेच. ती रावसाच्या जाड तुकड्या घेऊन, हिरव्या वाटणात, म्हणजे कोथिंबीर, धणे, लसूण, एखादी मिरची, नारळाच्या दाट दुधात हलक्या आचेवर शिजवायची. आंबटाला जेमतेम लिंबाचे चार थेंब, तेही उतरवल्यावर. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आणि वाइनचा स्निग्धपणा एकमेकांना ओळखतात, आणि धणे दोन्हीकडे आहेतच. मी टेस्टिंग रूममध्ये हा पदार्थ शंभरदा सांगितला असेन. लोक रेसिपी लिहून घेतात आणि घरी जाऊन त्यात कोकम घालतात. मग फोन येतो की जमलं नाही.

कोकमाबरोबर व्हिओनिए जमत नाहीच. सोलकढीचा एक घोट घेऊन ती प्या. वाइन भुईसपाट, पाणीदार वाटेल. तिच्याकडे आंबटाला उत्तर द्यायला आंबटपणाच नाही. तळलेल्या कुरकुरीत बोंबलालाही सोव्हिन्यों ब्लांसारखी धारदार वाइन हवी. आणि आगरी मसाल्याच्या मटणाबरोबर तर ती चुकूनही घेऊ नका. आमच्या पनवेल-उरणच्या त्या मसाल्याला मी नमस्कार करते, पण मद्यार्क जास्त असलेली वाइन तिखटाच्या आगीत तेल ओतते. त्या मटणाबरोबर भाकरी आणि थंड पाणी.

मलिद्याबाबत मी स्वतःच फसले. बेने इस्रायली लोक नवस फेडताना, शुभकार्यात, एलिया पैगंबराच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, वर सुका मेवा, शेजारी फळं. मला वाटलं, जर्दाळू-बदामाच्या वासाची वाइन याच्याबरोबर बहार आणेल. मावशीच्या नातवाच्या मलिद्यानंतर घरी येऊन वाटीभर मलिद्याबरोबर मी ग्लास घेतला. वाइन कडू झाली. गोड खाल्ल्यावर कोरडी वाइन अशीच वागते, आणि हे मी दुसऱ्यांना रोज शिकवत होते.

आणखी एक, कारण इथे पिणारे हमखास चुकतात. व्हिओनिए बर्फासारखी गार करू नका. फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, दहा-बारा अंशांवर येऊ द्या. फार थंडीत तिचा वास मिटतो, आणि वास गेला की तिच्यात पैसे देण्यासारखं फार काही उरत नाही. पनवेलच्या दमट हवेत पंधरा मिनिटंही पुरतात.

तर दर जानेवारीला, पोपटीच्या रात्री, मी ओतायचे, मावशी हुंगायची. यंदा जर्दाळू कमी आहे, यंदा पाऊस लांबला होता का, यंदाची घाईत तोडलीय. मी नाशिकला परत जाऊन वाइनमेकरला सांगायचे आणि तो माझ्याकडे बघत राहायचा. एका वर्षी ती म्हणाली, “हिला लाकडात ठेवलीय. कशाला? पोरीला उगीच शालू नेसवलाय.” ओकच्या पिंपाबद्दल वाचलेल्या सगळ्या लेखांत मला यापेक्षा नेमकं वाक्य सापडलेलं नाही.

तिचं ऋण फेडायचं म्हणून मी जे जे करायला गेले त्यात काही ना काही राहून गेलं. २०१५ साली तिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला थोडे पैसे दिले. ते तिने दुसऱ्या महिन्यात मोजून परत केले. माझ्या मुलीला तिच्याकडे शनिवारी बसवावं असं ठरवलं, तर तोवर विजेची बटणं आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ मुलाने बसवून दिलं होतं. काळोख झालाय असं म्हणायची तिला गरजच उरली नव्हती.

२०१७ साली ती मुलाकडे इस्रायलमध्ये अश्दोदला गेली, कायमची. जाताना पितळेची डबी बरोबर नेली. ती तिला हवीच. मला तिने मनुका गाळायचं फडकं दिलं. जुन्या सुती साडीचं, धुऊन धुऊन जाळीसारखं झालेलं. मी वाइनचा गाळ त्यातून गाळत नाही. शुक्रवारी कधी मनुका भिजत घातल्या तर वापरते.

फोन होतो. तिथेही तिच्या ओळीत मराठी बोलणाऱ्या चार बायका आहेत. तिखट कुठे मिळतं, कोथिंबीर कशी कडू लागते, असं सगळं. गेल्या जानेवारीत मीच विसरले होते, तिचा फोन आला. नातवाने दुकानातून गोलानची कोशर, म्हणजे त्यांच्या नियमांत बसणारी, व्हिओनिए आणली होती. त्यांच्या लोकांनी केलेली, त्यांच्या लोकांनी ओतलेली. म्हणजे शहात्तराव्या वर्षी मावशीने पहिल्यांदा ती प्यायली. मी श्वास रोखून विचारलं, “कशी वाटली?”

“वास तसाच हाय. जर्दाळू, धणे, सगळं हाय,” ती म्हणाली. “पण गो, ही तर गोडच नाय! नुसता वासच घ्यावा हिचा. प्यायला आपलं मनुकांचं सरबत बरं.”